आईची गाठ, आजीचं पोट आणि पाच वर्षांची गोळी

तुझा प्रश्न काल रात्री ओपीडी संपवून घरी आल्यावर वाचला आणि आज सकाळी परत वाचला. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून सरळ तू म्हणतेय, राग मानू नको. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात लिहून टाकते. आई ५६ वर्षांच्या, पाळी जाऊन पाच वर्षं झाली, सुदामा नगरात राहतात, आंघोळ करताना साबणाच्या हाताला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली, दुखत नव्हती म्हणून दोन महिने कुणाशी बोलल्याच नाहीत. आता मॅमोग्राफी-सोनोग्राफी झालीये, गाठ २.६ सेंटीमीटर, काखेत एक गाठ संशयास्पद, बायोप्सीत कॅन्सर, ग्रेड २, ईआर ९० टक्के, पीआर ७० टक्के (म्हणजे हॉर्मोनवर वाढणारा), हर-टू (कॅन्सर वाढवणारं एक प्रोटीन) निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन, मग कदाचित केमो, मग सिकाई (म्हणजे रेडिएशन), मग पाच वर्षं गोळी. आणि तू विचारलंयस की आई किती वर्षं जगेल, सुई टोचल्याने पसरलं का, पूर्ण स्तनच काढून टाकला तर बरं नाही का, मुंबईला न्यावं का, काकू काढा द्या म्हणतायत तो द्यायचा का, तुला आणि बहिणीला होईल का, आणि सगळ्यात शेवटी रविवारचे पोहे-जिलेबी बंद करायचे का.

मी इंदूरात सत्तावीस वर्षं ब्रेस्ट सर्जरी करतेय. तुझ्या आईला तपासलेलं नाही, त्यामुळे जे सांगतेय ते रिपोर्टवरून, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी किती वर्षं हा प्रश्न, कारण बाकी सगळे प्रश्न त्याच्याच पोटातून आलेत हे मला दिसतंय. आपल्या देशातल्या ११ ठिकाणच्या कॅन्सर रजिस्ट्रींचा एकत्र अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात निदानानंतर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या बायका, सगळ्या स्टेज मिळून, ६६.४ टक्के. स्तनापुरताच आजार असेल तर ८१, काखेपर्यंत गेलेला असेल तर ६५.५, आणि हाड-लिव्हर-फुप्फुसात पोचलेला असेल तर १८.३. अमेरिकेत सगळ्या मिळून हाच आकडा ९१ च्या आसपास आहे. आता हे वाचून लगेच ६५ वर बोट ठेवू नकोस. त्या बायकांचं निदान साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी झालेलं, त्यात सगळ्या प्रकारचे कॅन्सर एकत्र, आणि त्यात अर्धी केमो करून घरी गेलेल्या, सिकाई न घेतलेल्या, गोळी सोडलेल्या सगळ्याच आल्या. तुझ्या आईचा प्रकार म्हणजे हॉर्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, ग्रेड २, हा त्यातल्या त्यात शहाणा प्रकार आहे. हळू वाढतो, औषधाचं ऐकतो. पण याची एक खोड आहे, ती पुढे सांगते, कारण सगळं उत्तर त्या खोडीवर येऊन थांबतं.

सुई. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. सुई मारायच्या त्या बंदुकीचा टक्क असा आवाज येतो, आई दचकल्या असतील, दोन दिवस काळं-निळं झालं असेल, बस. लोकांना असं वाटतं कारण बायोप्सी झाली की महिन्याभरात आजार कळतो, आणि मग आधीपासून असलेला आजार सुईच्या नावावर चढतो. उलट बायोप्सी न करता गाठ काढणं यात मी किती बायकांचं नुकसान पाहिलंय ते मला विचार. एका नर्सिंग होममध्ये (नाव जाऊ दे) एका बाईची गाठ साधी आहे म्हणून काढली, बाटलीत घालून नवऱ्याला दाखवली आणि टाकून दिली, तपासायला पाठवलीच नाही. आठ महिन्यांनी त्याच टाक्याच्या खाली परत गाठ घेऊन माझ्याकडे आल्या, डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ, 'गाठ काढली'. आधीची कसली होती, कडा साफ होत्या का, हॉर्मोन होता का, काहीच कळायला मार्ग नाही. तुमच्याकडे बायोप्सी आधी झाली, ईआर-पीआर-हर-टू तिन्ही आले, म्हणजे तुमचे डॉक्टर नीट चाललेत. फक्त एक बघ, रिपोर्टमध्ये हर-टू समोर ० किंवा १ प्लस लिहिलंय ना? २ प्लस लिहिलं असेल तर ते निगेटिव्ह नसतं, तिथे फिश नावाची वेगळी टेस्ट करावी लागते, आणि ते पॉझिटिव्ह निघालं तर ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं येतात आणि सगळा प्लॅन बदलतो. आणि काखेतल्या त्या गाठीत पण सुई घालून तपासलंय का ते विचार, नुसतं सोनोग्राफीवर संशयास्पद म्हणजे पॉझिटिव्ह नाही.

पूर्ण काढावा का. हे घरातले पुरुष फार विचारतात, काढून टाका डॉक्टर, झंझटच नको. जुन्या काळी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॅल्स्टेडने सुरू केलेलं ऑपरेशन होतं, त्यात स्तन, खालचा छातीचा स्नायू, काख, सगळं साफ करायचे, आणि जवळजवळ सत्तर-ऐंशी वर्षं जगभर तेच चाललं. मग अमेरिकेत फिशर आणि इटलीत व्हेरोनेसी यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं बायकांना दोन गटांत वाटून बघितलं, काहींचं पूर्ण काढलं, काहींचं गाठीपुरतं काढून सिकाई दिली, आणि दोघांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. जगण्यात फरक नाही. सिकाई मात्र घ्यायलाच हवी, ती न घेता नुसती गाठ काढली तर त्याच स्तनात परत येण्याचं प्रमाण खूप वाढतं. तुझ्या आईची २.६ ची गाठ, स्तनाचा आकार अगदीच लहान नसेल तर वाचवता येईल असं रिपोर्टवरून वाटतं. पण रोज सिकाईला जायला कुणी नाही, किंवा आईंनाच नको आहे, तर पूर्ण काढणं पण चुकीचं नाही. फक्त हा निर्णय आईंना घेऊ दे. मी कितीदा बघते, आई कोपऱ्यात बसलेल्या आणि तीन जावई, दोन दीर त्यांच्या स्तनाबद्दल चर्चा करतायत. मी सगळ्यांना बाहेर चहाला पाठवते.

आणि थांब, ऑपरेशन ठरवण्याच्या आधी आजीची गोष्ट आहे, ती खाली सांगते, ती आधी सुटली पाहिजे.

मुंबईला न्यायचं का. रात्री अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई, तिथून परळ, आपल्या इंदूरच्या अर्ध्या कॅन्सर पेशंटना हा रस्ता पाठ आहे. टाटाला एकदा दाखवून मत घ्यायला माझी काही हरकत नाही, कुणा चांगल्या डॉक्टरची नसते, ज्याची असेल त्याच्याकडून उठून ये. पण सगळी ट्रीटमेंट तिथे घ्यायची म्हणजे केमोच्या दर फेरीला प्रवास, मग सिकाईचे तीन आठवडे भाड्याची खोली, तुझी नोकरी, बाबांचं बीपी, आणि यात तारखा मागेपुढे होतात. या स्टेजचं ऑपरेशन, केमो, सिकाई सगळं इंदूरात होतं, प्रायव्हेटमध्ये पण होतं आणि एम.वाय. हॉस्पिटलच्या बाजूला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे तिथेही बघता येईल. आयुष्मान कार्ड निघत असेल तर आत्ताच काढ, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे, ऐन ॲडमिशनच्या दिवशी आधार लिंक नाही म्हणून रडणारे रोज बघते. मत घ्यायला जाशील तेव्हा नुसते कागद नेऊ नकोस, पॅथॉलॉजीकडून ब्लॉक मागून घे. मेणाचा छोटा ठोकळा असतो, त्यात आईचा तो तुकडा बंद केलेला असतो, त्याच्यावरून दुसरीकडे परत ईआर-हर-टू करता येतं. तो उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस, मेण आहे ते, एकांनी ठेवलेला.

टाटाचं नाव निघालंच तर एक सांगते, मला फार आवडलेली गोष्ट आहे. तिथले डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमने ऑपरेशनच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचून बघितलं, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे भूल द्यायला वापरतात तेच. सोळाशेच्या आसपास बायका, अर्ध्यांना दिलं, अर्ध्यांना नाही. २०२३ मध्ये निकाल छापून आला, पाच वर्षांनी जिवंत राहणाऱ्या ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर. इतक्या स्वस्त औषधाने. तुमच्या सर्जनला विचार, आमच्याकडे करता का म्हणून. विचारायला लाजू नकोस, मी तर माझ्या पेशंटनी विचारलं की खूश होते.

केमो. 'कदाचित' म्हणालेत ते बरोबर म्हणालेत. पाळी गेलेल्या, हॉर्मोन पॉझिटिव्ह, काखेत एक ते तीन गाठींपर्यंतच आजार असलेल्या बायकांत काही जणींना केमोचा जास्तीचा फायदा होतच नाही हे आता कळलंय, आणि त्या कोणत्या हे गाठीच्या जीन्सची टेस्ट करून सांगता येतं. ऑन्कोटाइप हे त्यातलं प्रसिद्ध नाव, महाग आहे, आपल्याकडे तयार होणाऱ्या स्वस्त टेस्टही आहेत. ऑपरेशननंतर पूर्ण रिपोर्ट आला की ऑन्कोलॉजिस्टला सरळ विचार, या टेस्टने आमचा निर्णय बदलेल का. ग्रेड ३ निघाला, चार-पाच गाठी पॉझिटिव्ह निघाल्या, तर टेस्ट न करताच केमो द्यावी लागेल, तिथे पैसे घालवू नकोस. केमो लागलीच तर केस जातील, परत येतील, बऱ्याचदा आधीपेक्षा कुरळे येतात. जे लक्षात ठेवायचं ते एकच: केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला तर रात्री दोन वाजता पण हॉस्पिटल. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी खाली असताना तो ताप काही तासांत माणसाला घेऊन जाऊ शकतो. थर्मामीटर आजच आण, घरात हात लावून ताप बघायची सवय असते आपल्याला.

सिकाईचं फार काही नाही. पूर्वी पाच आठवडे लागायचे, आता साधारण तीन आठवड्यांत १५ दिवसांत होते, काही ठिकाणी एका आठवड्यात पण. कातडी काळवंडते, सैल सुती घालायचं.

आणि हात. ड्रेन (जखमेतलं पाणी काढायची नळी) निघाला की डावा हात वर न्यायची एक्सरसाइज, भिंतीवर बोटं चढवत चढवत. माझी एक पेशंट होती, स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे रोज जिथपर्यंत बोट पोचेल तिथे पेन्सिलने रेघ आणि तारीख लिहायची. सहा आठवड्यांत डब्यांच्या फळीपर्यंत पोचली, मला फोटो पाठवला होता, मागे हळदीचा हात लागलेला दिसत होता.

आता ती खोड. हॉर्मोन पॉझिटिव्ह कॅन्सर पाच वर्षांनी संपत नाही. बाकीचे प्रकार परत यायचे असतील तर बहुतेक पहिल्या काही वर्षांत येतात, हा मात्र गप्प बसून राहतो आणि दहाव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षीसुद्धा डोकं वर काढू शकतो. २०१७ मध्ये हजारो बायकांचे २० वर्षांपर्यंतचे आकडे एकत्र करून दाखवलं गेलं, की पाच वर्षं गोळी पूर्ण केलेल्यांमध्येही पुढे दरवर्षी थोड्या-थोड्या जणींना हा परत येतच राहतो. म्हणून ती हॉर्मोन अडवणारी गोळी. लोक ऑपरेशनला पन्नास माणसं गोळा करतात, केमोला रक्तदाते शोधतात, सिकाई संपली की सत्यनारायण घालतात, आणि मग जी सगळ्यात साधी, सगळ्यात स्वस्त, घरी बसून घ्यायची गोष्ट, त्यावर कुणी बोलत नाही. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर अशा कॅन्सरने होणारे मृत्यू पुढच्या १५ वर्षांत जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतात. पाळी गेलेल्यांना लेट्रोझोल किंवा ॲनॅस्ट्रोझोल दिलं तर टॅमॉक्सिफेनपेक्षाही थोडं जास्त. हे रोजच्या एका गोळीचं काम, आणि ती गोळी आपल्या 'छप्पन दुकान' बाजारातल्या एका चहाच्या भावात येते.

आणि तीच गोळी बायका सोडतात. का सोडतात ते सांगते. मागे एक शिक्षिका होत्या, टुणटुणीत, सगळी ट्रीटमेंट वेळेवर, केमोत सुद्धा लिपस्टिक लावून यायच्या. दुसऱ्या वर्षी गुडघे आणि बोटं धरायला लागली, सकाळी उठल्यावर मूठ मिटेना, पोळी लाटता येईना, शेजारणीने सांगितलं ही कॅन्सरची गोळी हाडं खाते, बंद कर. केली. मला सांगितलं नाही, कारण मी रागवेन असं वाटलं. फॉलोअपला आल्या की 'हो चालू आहे' म्हणायच्या. सहाव्या वर्षी कंबर दुखायला लागली, हाडांच्या डॉक्टरकडे तीन महिने शेक घेतला, मग एमआरआय. मी रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्या वेळी मी दर फॉलोअपला पाच मिनिटं देत होते आणि गोळीच्या रिकाम्या पट्ट्या आणायला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते. पट्ट्या आणा, रिकाम्या.

तर आईंना लेट्रोझोल सुरू झाली की हे सगळं होऊ शकतं हे आधीच सांगून ठेव. सांधे धरणं, उकडणं, रात्री घाम, कोरडेपणा (हे मुलीला सांगायला लाजतील, तू स्वतः विचार), चिडचिड. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहे. सांधेदुखीला सगळ्यात उपयोगी काय, तर चालणं आणि हलकी वजनं, हे ऐकून पेशंट माझ्याकडे अविश्वासाने बघतात पण अभ्यास झालेत त्यावर. तरी नाही जमलं तर लेट्रोझोल बदलून ॲनॅस्ट्रोझोल, मग एक्झेमेस्टेन, तेही नाही तर टॅमॉक्सिफेन, एक नाही झेपली म्हणून सगळं सोडायची गरज नसते, पण मधे डॉक्टरला फोन हवा. हाडं खरंच विरळ होतात, शेजारीण त्यात पूर्ण चुकीची नव्हती, म्हणून सुरू करताना डेक्सा स्कॅन (हाडं किती भरीव ते मोजणारा), कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, आणि बऱ्याच जणींना सहा महिन्यांतून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड, हाडांसाठीचं इंजेक्शन, त्याने हाडात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण पण कमी होतं पाळी गेलेल्यांत. ते लावायच्या आधी दात दाखवून घ्या, दात काढायचा असेल तर आधी काढा. टॅमॉक्सिफेनवर गेल्याच कधी तर अंगावरून लाल गेलं की लगेच दाखवायचं, आणि डिप्रेशनची कुठलीही गोळी सुरू करताना त्या डॉक्टरला सांगायचं, कारण पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन यांनी टॅमॉक्सिफेनचं काम कमी होऊ शकतं. पट्टी कुठे ठेवायची? देव्हाऱ्याजवळ, किंवा तुळशीला पाणी घालायचा तांब्या ठेवतात तिथे, जिथे रोज हात जातोच. कॅलेंडरवर खूण. पाच वर्षं म्हणजे अठराशेच्या वर गोळ्या, काही जणींना सात किंवा दहा वर्षं पण सांगतात.

आता आजी. तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, 'आईची आई ४८ व्या वर्षी पोटात पाणी होऊन गेली, तिला कॅन्सर नव्हता'. बाळा, त्या काळी ग्वाल्हेरला काय की उज्जैनला काय, पोटात पाणी होऊन गेली म्हणजे कशाने गेली हे कुणी शोधलं नाही. लिव्हर असेल, टीबी असेल. पण ४८ व्या वर्षी पोट फुगून गेलेली बाई आणि तिच्या मुलीला ब्रेस्ट कॅन्सर, हे ऐकलं की माझ्या डोक्यात अंडाशयाचा कॅन्सर येतो, आणि मग बीआरसीए. हा जीन बिघडलेला असेल तर ब्रेस्ट आणि ओव्हरी दोन्हीचा धोका खूप वाढतो, आयुष्यभरात ब्रेस्टचा साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात. शंभरातल्या पाच ते दहाच ब्रेस्ट कॅन्सर असे घराण्यातून आलेले असतात, म्हणजे बहुतेक नसेलच, पण तुमच्या घरी विचारणं बनतं. आईच्या माहेरी मामा-मावशी कुणी असतील तर बसून विचार, कोण कशाने गेलं, कोणत्या वयात, जुने कागद आहेत का. वडिलांकडचं पण विचार, जीन बापाकडून पण येतो हे निम्म्या डॉक्टरांना सुद्धा विसरायला होतं.

टेस्ट रक्ताची असते, आधी आईची करायची, तुझी नाही. आईत बिघाड सापडला तर मग तुझी आणि बहिणीची, तोच बिघाड शोधायला, स्वस्तात. आईत नाही सापडला आणि वडिलांकडेही तसं काही नसेल, तर तुमची टेस्ट करून काही हाती लागत नाही. रिपोर्टला तीन-चार आठवडे जातात, आणि पॉझिटिव्ह निघाला तर ऑपरेशन कोणतं करायचं, दुसऱ्या बाजूचं काय, ओव्हरी काढायच्या का, हे सगळं बदलू शकतं. म्हणून वर म्हटलं की हे आधी सुटलं पाहिजे. ऑपरेशन त्यासाठी दोन महिने लांबवायचं नाही, पण सॅम्पल या आठवड्यात जाऊ दे.

तुम्ही दोघी, ३१ आणि २७. जीनमध्ये बिघाड नसेल तर आईला ५६ व्या वर्षी झाला म्हणून तुमचा धोका बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त, घाबरून रात्री झोप उडावी इतका नाही. ४० पासून मॅमोग्राफी, त्याआधी वर्षातून एकदा कुणा जाणत्या हाताकडून तपासणी. हाताच्या तपासणीला कमी समजू नकोस, मुंबईत झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर २० वर्षं हे बघितलं टाटावाल्यांनी, शिकवलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तर पन्नाशीच्या वरच्या बायकांत मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास कमी झाले, त्याखालच्या वयात मात्र तसा फरक दिसला नाही. स्वतःचं स्वतः महिन्याला ठरवून तपासण्याने मृत्यू कमी होतात असं चीनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं नाही, म्हणून मी कुणाला तारीख बांधून देत नाही, पण आपलं शरीर नेहमी कसं लागतं ते हाताला माहीत हवं. गाठ, कातडी आत ओढली जाणं, संत्र्याच्या सालीसारखी होणं, बोंडातून रक्त, काखेत गाठ. आणि दुखत नाही म्हणून साधी, हे डोक्यातून काढ, आईंचे दोन महिने त्याच्यातच गेले. जानेवारीत रामबागेत एका हळदीकुंकवाला मला बोलायला बोलावलं होतं, साठ-सत्तर बायका, मी विचारलं दुखणारी गाठ वाईट की न दुखणारी, सगळ्या एका सुरात 'दुखणारी'. तिळगूळ हातात तसाच राहिला माझ्या.

टाळता येण्यासारखं काय? वजन, विशेषतः पाळी गेल्यावर. रोज चालणं. दारू, थोडी सुद्धा मोजली जाते यात. पाळी गेल्यावर हॉर्मोनच्या गोळ्या मनाने वर्षानुवर्षं चालू ठेवणं. मूल झालं तर अंगावर पाजणं, एकूण दर बारा महिन्यांना धोका साधारण ४ टक्क्यांनी कमी होतो. काळी ब्रा, डिओ, मायक्रोवेव्ह यांचा काही संबंध नाही, व्हॉट्सॲपवर दर दिवाळीला येतं ते. आणि हे सगळं केलेल्या बायकांना पण होतो, आईंनी काय चूक केली हे शोधत बसू नका.

काकूंचा काढा. काकू प्रेमाने देतायत, भांडू नकोस. पण केमो असताना गुळवेल, अश्वगंधा, कसले अर्क, कॅप्सूल, काही नाही. गुळवेलीने लिव्हर बिघडलेले पेशंट करोनाच्या काळात मुंबईत आणि बाकी ठिकाणी नोंदवले गेलेत, आणि लिव्हर बिघडलं की केमो पुढे ढकलावी लागते. भाजीतली हळद, आल्याचा चहा, तुळस, खुशाल. काकूंना मऊ खिचडी करायला सांग, केमोनंतर तोंड आलं की त्यांच्या हातचंच लागणार आहे.

आणि पोहे-जिलेबी. साखरेने कॅन्सर वाढतो म्हणून मागच्या आठवड्यात एका बाईंनी नवऱ्याच्या सांगण्यावरून भात, फळं, दूध सगळं सोडलेलं, वजन पाच किलो उतरलं आणि त्यांची केमो मला थांबवावी लागली. आईंना दोन वेळा नीट जेवू दे, डाळ, अंडं खात असतील तर अंडं, दही ताजं. केमो चालू नसेल तेव्हा राजवाड्याला जाऊन खाऊ देत. केमो चालू असताना ठेल्यावरचे नकोत, वरून टाकलेला कच्चा कांदा आणि तासभर उघडी पडलेली कोथिंबीर नको, पोहे घरी कर, शेव नवीन पुडी फोडून घाल, जिलेबी समोर तळलेली गरम असेल तर दोन. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा आपला मसाला) टाकायला विसरू नकोस, केमोत तोंडाची चव जाते तेव्हा तेवढंच काय ते लागतं म्हणतात माझ्या पेशंट.